आडवी सायकल

लुंबिनीला काठी धरून घरातल्या घरात चालता यायचं, पण बसता येत नव्हतं. पाठ ताठ करून खुर्चीवर टेकली की माकडहाडापासून मानेपर्यंत तापली सळई सारल्यासारखी कळ जायची आणि डोळ्यांपुढं अंधारी यायची. म्हणून ती आडवीच असायची. जेवायची कलती होऊन, वाचायची उताणी, लिहायची पालथी पडून. लातूरला औसा रोडच्या आतल्या एका गल्लीत तिचा थोरला भाऊ आनंदराज याचं घर होतं. त्या घराच्या मागच्या खोलीत, खिडकीला लागून तिची खाट होती. अकराव्या वर्षी ती खाटेला लागली आणि खाटेवरच सत्ताविशीला पोचली.

हे भूकंपाचं देणं. तिचा बाप केरबा दुसऱ्यांच्या वाड्यांना दगड वाहून वाहून पाठीतून वाकलेला माणूस. किल्लारीच्या अलीकडं त्यांचं गाव. वस्तीवर सगळ्यांची घरं कुडाची नाहीतर पत्र्याची. केरबानं मात्र जिद्दीनं दगडामातीचं घर उभं केलं, गावातल्या मोठ्या घरांसारखं, वर हातभर जाड मातीचं माळवद घालून. पाहुणा आला की तो भिंतीवर थाप मारून दाखवायचा. त्या पहाटे जमीन हलली तेव्हा वस्तीवरची कुडाची घरं थरथरली, कलली, आणि आतली माणसं अंगावरची धूळ झटकत बाहेर आली. केरबाचं घर तेवढं बसलं. तो जागीच गेला. आई भामाबाई दाराशी निजलेली म्हणून सुटली. आनंदराज शिकायला लातूरला होता. ढिगाऱ्याखाली राहिली लुंबिनी आणि तिचा धाकटा भाऊ सुगत.

लुंबिनी ओरडत होती. थांबतच नव्हती. हात होते मोजके, कारण निम्मी वस्ती गावातले ढिगारे उपसायला धावली होती, टिकाव-फावडी गाडलेली, म्हणून जिथून आवाज येतो तिथं माणसं आधी लागली. तिला बाहेर काढेपर्यंत ऊन वर आलं. मग दुसरा कोपरा उकरला तर सुगत निघाला. अंगावर खरचटलेलंसुद्धा नव्हतं. नाकातोंडात माती गेली होती आणि अंग अजून गरम होतं.

भामाबाईनं लेकीला कधी मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही. तिचं सगळं आडव्यावर केलं, न कंटाळता केलं. पण शेजारीण येऊन बसली आणि विषय निघाला की लेकीच्या देखत सांगायची, "ही वरडली म्हणून वाचली. माझं लेकरू गरीब, गप पडून राह्यलं." सांगताना आवाज चढवायची नाही. पाऊसपाण्याचं बोलावं तसं बोलायची.

सोलापूरच्या दवाखान्यातल्या एका डॉक्टरीणबाईंनी लुंबिनीला एक व्यायाम लावून दिला होता. पाठीवर पडायचं आणि हवेत सायकल चालवायची. पाय मेले तर मग काहीच उरणार नाही, असं त्या बाई म्हणाल्या होत्या. लुंबिनीनं ते शब्द धरून ठेवले. रोज सकाळी आणि दिवेलागणीला ती छताकडं बघत पायडल मारायची. त्यामुळं झालं असं, की लुंबिनीला चार घरं ओलांडून जाता येत नव्हतं, पण मांड्या पैलवानाच्या झाल्या होत्या.

मधल्या काळात लातूर पार बदललं. गल्लीगल्लीत क्लास निघाले. बाहेरगावची पोरं कॉटबेसिसवर राहू लागली, खानावळींपुढं रांगा लागल्या. आनंदराज इंजिनिअर झाला, पण नोकरीच्या नादी न लागता फिजिक्स शिकवायला उभा राहिला, 'आनंद फिजिक्स' नावाचा क्लास काढला आणि बघता बघता 'आनंदराज सर' झाला. त्याची पुस्तकं घरात येत, ती लुंबिनी वाचे. आधी समजून घेण्यासाठी, मग चुका काढण्यासाठी. पुढं त्याच्या क्लासच्या दर रविवारच्या परीक्षेचे प्रश्न तीच काढू लागली. पोरं म्हणायची, सरांचा प्रश्न म्हणजे उंदराचा सापळा, आत जायला वाट आहे, बाहेर यायला नाही. आनंदराज हे घरी येऊन हसत सांगायचा. क्लासमध्ये मात्र बहिणीचं नाव निघत नव्हतं.

क्लासची इमारत गुरुपादप्पा नावाच्या गृहस्थांची. ते क्लासचे भागीदारही होते. त्यांनी एकदा अपंगांना हातानं फिरवायच्या तीनचाकी गाड्या वाटल्या, त्यातली एक लुंबिनीला दिली. फोटोपुरती ती त्या गाडीत ताठ बसली आणि घरी आल्यावर किती तरी दिवस तिला कूससुद्धा बदलता आली नाही. ती गाडी अंगणात गंजत पडली. भामाबाई तिच्यावर गोधड्या वाळत घालायची.

घरी कॉम्प्युटर आला, इंटरनेट आलं. आनंदराजनं पडदा खाटेवरून दिसेल असा टांगून दिला, कारण पेपर टाईप करायचं कामही लुंबिनीकडंच आलं होतं. एक दिवस पायडलावरचा प्रश्न काढायला ती सायकलीची चित्रं शोधत होती, तेव्हा तिला एक गोरा माणूस दिसला. आरामखुर्चीत पडावा तसा तो सायकलीवर मागं रेलला होता, पाय पुढं, पायडल पुढं, आणि रस्ता मागं पळत होता. लुंबिनी त्या चित्राकडं बघत राहिली. त्या माणसाला काही दुखत नव्हतं. तो मजेखातर आडवा झाला होता.

तिच्या खिडकीतून मुज्तबाच्या सायकल दुकानाची मागची बाजू दिसायची. क्लासच्या पोरांच्या सायकली तो दुरुस्त करायचा. त्याची बायको नाझनीन पोरांचे डबे करायची. मुज्तबा हाताचा चलाख, तोंडाचा तिखट आणि कामाला लवकर कंटाळणारा. लुंबिनीनं त्याला खिडकीतून हाक मारली आणि विचारलं, "मुज्तबाभाई, झोपून चालवायची सायकल कराल का?"

"ताई," मुज्तबा पंक्चर काढता काढता म्हणाला, "झोपून माणूस एकाच गाडीवर जातोय. ती चालवायला चार जण लागतेत."

नाझनीननं आतून त्याला झापलं. पण लुंबिनीला राग आला नाही. तिनं नाझनीनच्या हाती चित्राची छापील प्रत पाठवली. दिवस उन्हाळ्याच्या सुट्टीचे, पोरं गावी गेलेली, दुकानात माशा बसत होत्या. आणि शेजारचा वेल्डर म्हणाला की असलं काही आपल्याकडं होणं शक्य नाही. तेवढ्यावर मुज्तबा पेटला.

पहिला प्रश्न चाकांचा. दोन घ्यायची की तीन. मुज्तबाला दोन हवी होती, कारण दोन जुन्या सायकली कापून जोडल्या की काम सोपं. खरं तर लुंबिनीला तीन हवी असायला पाहिजे होती. पण तिनंही दोनच सांगितली. तीनचाकी म्हटलं की तिच्या डोळ्यांपुढं अंगणातली ती गंजकी गाडी यायची. तिला चित्रातल्या माणसासारखं जायचं होतं.

त्या हौसेची किंमत नाझनीननं मोजली. सायकल तयार झाली, लुंबिनीला वर निजवलं, नाझनीननं बाजूनं धरलं. पायडल छातीच्या उंचीवर असल्यामुळं तोल गेला तर पाय टेकणार कुठं, याचा विचार दोघांनीही केला नव्हता. चाक दोन हात पुढं सरकलं आणि सायकल, लुंबिनी आणि वरचा सगळा लोखंडी पसारा नाझनीनवर कोसळला. तिचं मनगट मोडलं. मुज्तबा आधी हसला, मग धावला. दुसऱ्या दिवसापासून नाझनीन एका हातानं कणीक मळू लागली, कारण डबे चुकवून चालणार नव्हतं. लुंबिनीनं माफी मागितली तेव्हा ती म्हणाली, हात जुळंल, पण आता ती सायकल झालीच पायजे, न्हाईतर माझा हात फुकट गेला.

मग तीन चाकं ठरली. पुढं दोन, मागं एक. पाठीचा कल ठरवायला लुंबिनीनं खाटेवर एक फळी टाकली आणि तिच्याखाली एकेक वीट सरकवत कुठं दुखणं थांबतं ते बघितलं. तेवढ्याच कलाचा पाईप मुज्तबानं वाकवला आणि त्यावर खाटेची नवार विणली. पायडल पुढच्या नळीवर, तिथून मागच्या चाकापर्यंत तीन सायकलींच्या चेनी जोडून एक लांबलचक चेन. ती सारखी उतरायची. शेवटी विहिरीवरच्या रहाटासारखी लहान नायलॉनची चाकं बैठकीखाली बसवली तेव्हा ती जागेवर राहिली. सुकाणू म्हणून मांड्यांच्या दोन बाजूंना दोन दांडे. अडलं ते पुढच्या चाकांपाशी. सायकलीचं चाक दोन्हीकडून धरलेलं असतं. इथं ते एकाच बाजूनं धरायचं होतं, आणि असं धरलं की आस वाकायचा. दोनदा वाकला. मुज्तबानं पान्हा फेकून दिला आणि त्या कामाचं नाव काढलं नाही.

तोड नाझनीनलाच सुचली. तिचे वडील मोहियोद्दीन यांचं नांदेडला देगलूर नाक्यावर भंगाराचं दुकान. दवाखान्यांचं मोडकं सामान त्यांच्याकडं यायचं. चाकांच्या खुर्चीचं चाक एकाच बाजूनं धरलेलं असतं, हे तिनं लहानपणापासून पाहिलेलं. मुज्तबा सासऱ्याकडं जायला कुरकुरला, पण गेला आणि दोन चाकं, आसासकट, घेऊन आला.

पावसाळा सरत आला होता. एका सकाळी मुज्तबा आणि नाझनीननं लुंबिनीला बैठकीवर निजवलं. मागं काठी लावून नाझनीनची जुनी केशरी ओढणी बांधली, म्हणजे ट्रकवाल्याला दिसेल. लुंबिनीनं पाय मारला. हवेतल्या पायडलला कधीच वजन नव्हतं, याला होतं. चेन ताणली गेली, आणि गल्ली मागं सरकू लागली.

ती मोठ्या रस्त्यापर्यंत गेली. इतक्या खालून तिनं जग कधी पाहिलं नव्हतं. ट्रकची चाकं तिच्या डोक्यापेक्षा उंच, टमटमचा धूर थेट तोंडावर, कुत्री तोंडासमोर तोंड आणून भुंकणारी. पाठ दुखत नव्हती. ती रडली नाही, हसलीही नाही. वळायचं कसं याचाच विचार करत होती. परत आली तेव्हा घामानं चिंब झाली होती आणि मुज्तबाला म्हणाली की डावीकडं ओढतीय, चाक बघा.

मग ती रोज जाऊ लागली. आणि रोज पोरं बघू लागली. पाय पुढं करून आडवं पडलेली बाई रस्त्यानं येतेय म्हटल्यावर कुणाला तरी सुचायचंच, आणि ते पहिल्याच आठवड्यात सुचलं. "तिरडी आली रे," असं क्लासच्या जिन्यावरून कुणी तरी म्हणालं आणि ते नाव चिकटलं. काही पोरं तिला बघून छातीवर हात घेऊन थांबायची, मयत चाललेलं असल्यासारखी. लुंबिनी त्यांच्याकडं बघायची नाही. ही पोरं रविवारी आपल्याच प्रश्नांपुढं डोकं धरून बसतात, एवढं मनात आणलं की तिचं निभायचं. भामाबाई तर अंगणातच येईना. जिता माणूस पाय पुढं करून दारातून जात नसतो, म्हणाली आणि सायकल निघायच्या वेळी दार लोटून घेऊ लागली.

आनंदराजला आधी लाज वाटली. त्यानं बहिणीला सुचवून पाहिलं की फिरायचं तर बायपासकडं फिर, क्लासकडून नको. पण गुरुपादप्पांनी एकदा सायकल पाहिली आणि ते आनंदराजला बाजूला घेऊन बरंच बोलले. त्या रात्री आनंदराज बहिणीच्या खाटेपाशी येऊन बसला. पुष्कळ दिवसांनी बसला होता. निकाल लागला की क्लासची मिरवणूक निघते, तिच्या पुढं तू सायकलवर चाल, असं त्याचं म्हणणं.

लुंबिनीनं लगेच हो म्हटलं नाही. तिनं एक गोष्ट मागितली. नव्या वर्षी एका बॅचला फिजिक्स आपण शिकवायचं, आपल्या नावानं, फळ्याशेजारी खाट टाकून. आनंदराज म्हणाला, "एक काय, दोन बॅच घे. लोकांना तू कोण हे तरी कळू दे आधी."

तिला ते पटलं. पटलं म्हणण्यापेक्षा, तिला ते हवं होतं. आपल्याला लोकांनी बघावं असं तिला किती वर्षांनी वाटलं होतं.

निकालाच्या दिवशी क्लासपुढं भलंमोठं फ्लेक्स लागलं. त्यावर सायकलीवरची लुंबिनी, शेजारी हात घडी घातलेला आनंदराज, आणि खाली अक्षरं: 'भूकंपानं पाडलं, आनंद फिजिक्सनं पळवलं.' नाझनीननं तिला नवी ओढणी दिली. मिरवणूक शिवाजी चौकाकडून निघाली. पुढं हलगी, मग लुंबिनी, मागं उघड्या जीपमध्ये गुणवंत पोरं आणि आनंदराज, त्यामागं डीजे. माणसं दुतर्फा उभी होती. म्हाताऱ्या हात जोडत होत्या. एका बाईनं आपलं लेकरू तिच्या पायाला लावलं. लुंबिनी पायडल मारत होती आणि तिच्या मनात पहिल्या तासाला कोणता प्रश्न फळ्यावर घ्यायचा ते घोळत होतं.

पुढचा चौक ओलांडल्यावर गर्दी दाटली आणि सायकल पुढं जाईना. मागून गुलाल उधळत पोरं आली. कुणी तरी म्हणालं, मॅडमला उचला. चार पोरांनी वाकून सायकलीचे पाईप धरले आणि लुंबिनीसकट खांद्यावर घेतली.

वर गेल्यावर तिला फक्त विजेच्या तारा आणि आभाळ दिसत होतं. ती म्हणाली, खाली ठेवा. पोरं नाचत होती. डीजे गाण्यांच्या मध्ये थांबला तेवढ्यात एकाला हुक्की आली आणि त्यानं ओरडून म्हटलं, "राम नाम सत्य है." लोक हसले. बाकीच्यांनी ओळ उचलून धरली. पुढची दोन पोरं मुद्दाम मयताच्या चालीनं चालू लागली. लुंबिनीनं मान वळवून जीपकडं बघितलं. आनंदराजच्या गळ्यात हार होते, कपाळ गुलालानं माखलेलं. त्यानं तिला पाहिलं, पोरं काय म्हणताहेत तेही ऐकलं, आणि हात हलवला. तोही हसत होता.

"खाली ठेवा," ती पुन्हा म्हणाली. तिचा आवाज तिलाच आला नाही.

पायात फटाक्यांची माळ फुटली आणि पुढच्या डाव्या पोरानं खांदा सोडला. लुंबिनी आधी पडली, सायकल तिच्यावर.

दवाखान्यात कळलं की गळपट्टीचं हाड मोडलंय आणि कंबरेचं जुनं जुळलेलं हाड पुन्हा तडकलंय. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला, पोरांनी खांद्यावर घेतलेल्या लुंबिनीचा. खाली लिहिलं होतं की विद्यार्थ्यांनी आपल्या प्रेरणास्थानाला डोक्यावर घेतलं. पडल्याचं एक अक्षर नव्हतं. आनंदराज तो पेपर घेऊन आला आणि म्हणाला, पोरंच ती, त्यांचं प्रेम असंच असतं.

भामाबाई उशाशी बसून होती. घराच्या गच्चीवरून तिला मिरवणूक दिसली नव्हती, पण कुणी तरी येऊन सांगितलं होतं, पोरांनी काय म्हटलं तेही. मग लेकीच्या तोंडावरची माशी हाकलत म्हणाली, "लोक इचारतेत, दोघांतलं एकच काढायचं असतं तर कुणाला काढलं असतंस. मी काय सांगू. तुला काढलं असतं असं माझ्या तोंडून येत न्हाई."

"मी वरडले नसते, तर तुला एकबी घावलं नसतं, माय," लुंबिनी म्हणाली.

भामाबाईनं थोडा विचार केला. "हाव," ती म्हणाली. "ते बी खरंच हाय." आणि तिनं लेकीला पाणी पाजलं.

घरी आणल्यावर पुष्कळ दिवस लुंबिनीला पाठीवरून हलता आलं नाही. त्या काळात गुरुपादप्पांनी क्लासची नवी इमारत उघडली. तिच्या दारावर, नावाच्या पाटीच्या वर, लुंबिनीची सायकल टांगली होती. तिला सोनेरी रंग दिला होता आणि भोवती दिव्यांची माळ सोडली होती. हे तिला नाझनीननं सांगितलं. सांगताना तिनं खाली बघितलं, कारण सायकल दुरुस्तीसाठी मुज्तबाकडं होती आणि मुज्तबानंच ती रंगवून दिली होती.

लुंबिनीनं भावाला सायकल परत मागितली. आनंदराज शांतपणे समजावू लागला की ती आता सायकल राहिलेली नाही, क्लासची ओळख झालीय. तुला आता चालवणं झेपायचंही नाही, तुला बॅटरीवरची खुर्ची आणू.

"आणि माझी बॅच?"

"अशा अवस्थेत?" तो म्हणाला. "पुढच्या वर्षी बघू."

त्या रविवारपासून लुंबिनीनं प्रश्न काढणं बंद केलं. तिला वाटलं होतं की क्लास अडेल. आपल्यावाचून भाऊ खाटेपाशी येईल आणि मग बोलणं बरोबरीनं होईल. आनंदराज आला नाही. त्यानं हैदराबादहून दोन तरुण पोरं आणली, त्यांनी प्रश्न काढले, पोरांनी ते सोडवले. क्लास एक दिवसही अडला नाही. पुढच्या वर्षीचा निकाल आधीपेक्षा चांगला लागला. लुंबिनीला सगळ्यात जास्त लागलं ते हे. मोडलेलं हाड जुळलं, हे जुळलं नाही.

हातात काठी धरता येऊ लागली तेव्हा तिनं खिडकीतून मुज्तबाला पुन्हा हाक मारली. त्यानं ऐकलं, पण उठला नाही. क्लासची पोरं हेच त्याचं गिऱ्हाईक, सरांनी त्याला सांगितलं होतं की तशी दुसरी करायची नाही. "ताई, मला इथंच पोट भरायचंय," एवढंच तो म्हणाला आणि चाक फिरवत राहिला. खोटं काही बोलला नाही.

नाझनीन मात्र त्या दिवशी नवऱ्याशी भांडली आणि भांडणाच्या तावातच म्हणाली की मी माहेरी चाललेय, हिला घेऊन जाते. लुंबिनीनं तो ताव ओसरू दिला नाही. टेम्पोत गादी टाकून दोघी नांदेडला गेल्या. निघताना आनंदराज क्लासमध्ये होता. भामाबाईनं भाकरी बांधून दिल्या. या वेळी तिनं दार लोटलं नाही, पण दारात उभीही राहिली नाही. चुलीपाशी जाऊन बसली.

नाझनीनची आई बेगमबी हिनं लुंबिनीला दुकानामागची खोली दिली. काही दिवसांनी नाझनीन नवऱ्याकडं परत गेली, जाणारच होती. लुंबिनी राहिली. गल्लीतल्या मुलींना ती गणित आणि फिजिक्स शिकवू लागली, खाटेवर पडून, छताला टांगलेल्या काळ्या फळीवर लांब काठीला खडू बांधून. म्हाताऱ्या मोहियोद्दीनना तिनं सायकलीचं सांगितलं तेव्हा त्यांनी अंगण दाखवलं. भंगार पडलंय, म्हणाले, घे.

या वेळी चित्र नव्हतं आणि मुज्तबाही नव्हता. कापायला-जोडायला आलेला वेल्डर तिचं ऐकून घ्यायचा आणि स्वतःच्या मनाचं करायचा. दोन पाईप वाकडे बसले. पुढची चाकं एकाच मापाची मिळाली नाहीत, म्हणून सायकल उजवीकडं कलून चालायची. बैठक टायर कापून केलेल्या पट्ट्यांची, उन्हात तापायची. पण कल विटांवर मोजलेला होता तोच होता. कंबर आधीसारखी राहिली नव्हती, मोठा चढ आला की उतरून कुणाला तरी ढकलायला सांगावं लागायचं. सपाटीवर मात्र ती जायची. देगलूर नाक्यावरच्या लोकांनी चार दिवस बघितलं आणि मग बघणं सोडलं.

पुढच्या वर्षी आनंद फिजिक्सची शाखा नांदेडच्या भाग्यनगर भागात उघडली. चौकाचौकात फ्लेक्स लागले. त्यावर सोनेरी सायकल होती आणि तिच्यावर लुंबिनी, मिरवणुकीच्या दिवशीच्या ओढणीत, चेहरा उजळ करून घेतलेला. आनंदराज उद्घाटनाला येऊन गेला. बहीण त्याच गावात राहते हे त्याला ठाऊक होतं. तो देगलूर नाक्याकडं आला नाही.

लुंबिनी एका दुपारी भाग्यनगरकडं गेली ती मुद्दामच. फ्लेक्सखाली ती जराशी थांबली. स्वतःकडं खालून बघायला मान फार मागं न्यावी लागली नाही, ती रेललेलीच होती. क्लास सुटला होता. पोरं बाहेर येत होती, तिला बघून थबकत होती, वर बघत होती, पुन्हा खाली. एक जण मित्राला म्हणाला की ती बघ, सरांच्या बहिणीची नक्कल. दुसरा म्हणाला, नक्कल तरी नीट करायची, चाकं बघ कशी वाकडी.

एक मुलगी पुढं आली. तिनं अदबीनं विचारलं, "मॅडम, ही सायकल तुम्ही त्या लातूरच्या मॅडमची बघून केली का?"

लुंबिनीनं तिच्याकडं बघितलं. मुलीच्या हातात रविवारच्या परीक्षेचा पेपर होता. सवयीनं लुंबिनीची नजर पहिल्या प्रश्नावर गेली. प्रश्न सोपा होता.

"हाव," ती म्हणाली. "बघूनच केली."

मग मुलीला जरा बाजूला व्हायला सांगून तिनं दांडे वळवले. सायकल उजवीकडं ओढत होती. ती डावीकडं जोर धरून निघाली.